गढीच्या मातीची शेगडी

माझ्या आईनं केलेली एक शेगडी शिडाच्या नावेतून वर्धा नदीवर जाऊन आली. ती आज आमच्या मागच्या पडवीत आहे. ही तीन बाजूंनी भिंत असलेली ठेंगणी वस्तू काय आहे, असं पाहुणे विचारतात. मी आईलाच सांगू देते. ती दोन वाक्यांत आटोपते. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही, म्हणून मी हे लिहिते आहे.

अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि विलायतेला वऱ्हाडच्या कापसावाचून चालेना, तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीत देवळाच्या ओट्यावर, विहिरीवर, न्हाव्याकडे, कुठंही जा, बोलणं कापसाचंच. अचलपूरकडून आलेल्या गाड्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडून उभ्या असत. हवेत रुईचे तंतू इतके की दोरीवरचं लुगडं झटकल्याशिवाय नेसता येत नसे. माझे वडील एका व्यापारी शेठजींकडे कामाला होते. कापसाच्या गाठी जिथं जातील तिथं त्यांच्याबरोबर जायचं आणि माल नीट पोचवून परत यायचं, हे त्यांचं काम.

आदल्या पावसाळ्यात ते गाड्यांबरोबर अकोल्यावरून पुढे आगगाडीपर्यंत गेले होते. रस्ता म्हणजे नुसता काळा चिखल. गाड्या रुतल्या, सरपण भिजलं, आणि मुळात नाजूक पोटाच्या माझ्या वडिलांनी सारी वाट भिजके फुटाणे आणि शिळ्या भाकरी खाऊन काढली. परत आले तेव्हा दोघांनी धरून त्यांना गाडीतून उतरवलं. दिवाळीपर्यंत आईनं त्यांना ज्वारीच्या कण्या आणि ताक भरवून उभं केलं. वैद्यबुवांनी तेव्हाच बजावलं होतं, रोज ऊन आणि मऊ अन्न हवं; पुन्हा असे हाल झाले तर माझ्या औषधाचा उपयोग नाही.

या वर्षी शेठजींनी अकोल्याचा चिखल नकोच म्हटलं. कौंडण्यपूरला गाठी नावेवर चढवायच्या आणि पुराच्या पाण्यावरून खाली चांद्याकडे न्यायच्या; तिथून पुढे दुसरे लोक त्या गोदावरीनं समुद्राकडे नेणार. वडिलांनी सोबत जायचं. आणि नावेवर विस्तव पेटवायचा नाही. हे सांगायला शेठजी आमच्या ओट्यावर येऊन बसले होते.

“मग यायनं खावं काय?” आईनं दाराआडून विचारलं.

“काठाले लागून रांधावं, वहिनी. रुईच्या गंजीवर बसून कोणी चूल पेटवते का?”

“पावसात, त्या चिखलात चूल मांडता येते का? मागच्या साली काय झालं, थे तुमाले माईत आहे.”

“मले माणूसबी पाह्यजे अन् मालबी पाह्यजे. मी काय करू?”

आई दाराआडून बाहेर आली. परक्या माणसासमोर ती अशी येत नसे. “मी येतो संग,” ती म्हणाली. “शेगडी माही, रांधणं माहं. ठिणगी उडाली त शेगडी नदीत टाकून द्या.”

“अन् तुमाले?” शेठजी हसले.

“मले पोहता येते.”

शेठजी हसत हसतच उठले, पण अट घालून गेले. नाव भरण्याआधी ते स्वतः घाटावर येणार. शेगडीभोवती मोकळी रुई पसरणार आणि नाव पाण्यावर असताना आईनं रांधून दाखवायचं. एक तंतू पेटला तरी शेगडी पाण्यात, आई माघारी, आणि वडील एकटे. फुटाण्यांवर.

वडिलांनी आधी कँपातल्या बाजारातून लोखंडी शेगडी आणली. साहेबलोक वापरतात म्हणून त्यांना तिचा भरवसा वाटला. आम्ही ती अंगणात एका जुन्या फळीवर ठेवून पाहिली. वरण झालं, शेगडी उचलली, तर फळीवर तेवढाच गोल कोळशासारखा काळा. वडिलांनी तो गोल नखानं खरवडून पाहिला.

“नावेले बूड पाह्यजे,” ते म्हणाले आणि शेगडी परत करून आले.

मी तेव्हा कँपात एका मडमेच्या बंगल्यावर इंग्रजी शिकायला जात असे. आम्ही मोजक्याच मुली होतो. विचारलेल्याचं उत्तर मी द्यायची, पण आपण होऊन काही विचारायची नाही. लग्नाच्या वयाची मुलगी इंग्रजी शिकते, एवढ्यावरच गल्लीत पुष्कळ बोललं जाई. त्यात आपल्या आवाजाची भर कशाला, असं मला वाटे. पण त्या दिवशी बाकीच्या गेल्यावर मी मागं थांबले. जहाजावर स्वयंपाक कसा करतात, ते विचारलं. मडम कित्येक महिने शिडाच्या जहाजातून हेलकावे खात इकडे आली होती. तिनं सांगितलं, चुलीखाली वाळूचा थर असतो, म्हणजे लाकूड तापत नाही. चुलीला कठडा असतो, म्हणजे भांडं घसरत नाही. आणि वादळ दिसलं की सर्वांआधी चूल विझवतात.

“आणि स्वयंपाकी?” मी विचारलं.

“तो कायम रागावलेला असे,” ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा नवलानं पाहू लागली. एका दिवसात दोन प्रश्न मी कधी विचारले नव्हते.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिचे हात पिठात होते. “वाळूचं पटते,” ती म्हणाली. “कठडा मातीचाच उचलून घेतो. तीन बाजू बंद, चौथी माह्याकडं.”

भातकुलीच्या आत्याला निरोप गेला, तशी तिनं दुसऱ्याच दिवशी टोपलीभर माती पाठवली. आपल्या शेतातली, काळी, लोण्यासारखी. त्या वर्षी ज्याला त्याला आपल्या काळ्या मातीचा इतका अभिमान होता की दुसरी माती कुणाला सुचलीच नसती. आम्हालाही सुचली नाही. आईनं सुरेख शेगडी घातली. ती सावलीत वाळत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. एकीत माझं बोट गेलं.

आई स्वतःवरच हसली. “जलमभर पाहून राहिलो, काळी फाटते म्हणून. अन् तिचीच शेगडी घातली!”

आत्या शेगडी बघायलाच आली होती. तिला राग आला. “आमच्या मातीले नावं ठेवू नको, वहिनी. तिच्यात सोनं पिकते.”

“पिकू द्या न, आत्याबाई. मले तिच्यात कण्या शिजवाच्या आहेत.”

मग आईनं गावच्या जुन्या पडक्या गढीची पांढरी माती आणवली. घरं ज्या मातीची बांधतात, ती ही. तिच्यात घोड्याची लीद आणि बारीक कुटार, म्हणजे भुसा, मिसळलं. शेवटी सरकी काढायच्या लाकडी रेच्याखाली पडलेली मळकट रुई हातानं पिंजून तिनं मातीत टाकली आणि मुसळानं कुटायला घेतली. रुईचे धागे माती धरून ठेवतात, असं तिचं म्हणणं.

वडील धावत आले. “या सालात तू मातीत रुई कालवून राहिली?”

“सोनं त नाई कालवलं.”

“सोनंच आहे थे!”

ही शेगडी फाटली नाही. वाळल्यावर बोटानं वाजवली, तर मडक्यासारखी वाजली.

आता जळण. आमच्याकडे घरोघर पऱ्हाटी जाळतात. वेचणी संपली की कापसाची वाळकी झाडं उपटून अंगणात रचायची आणि वर्षभर चुलीत घालायची. आईचा सगळा जन्म पऱ्हाटीच्या जाळावर गेला होता. तिनं सवयीनं तीच घातली, आणि पेटता पेटता एक ठिणगी उडून माझ्या परकराला भोक पाडून गेली. आईनं ते भोक बोटानं चाचपलं. नंतर तिनं पऱ्हाटीला हातही लावला नाही.

गोवरीची ठिणगी उडत नाही, पण नदीच्या दमट हवेत ती धुमसत राहते. म्हणून रांधायला बाभळीचा कोळसा, आणि विस्तव राखेखाली जपायला गोवरी, असं ठरलं. कोळशातही कच्चा तुकडा असला तर तो तडकतो. तो ओळखायचा कसा? आईनं दोन तुकडे एकमेकांवर आपटून दाखवले. पक्का खणकन वाजतो. ज्यात लाकूड राहिलं आहे, तो ठक्क करतो. निवडायचं काम तिनं मला दिलं. मी पडवीत बसून पोतंभर कोळसा कान देऊन निवडला. आईनं त्यातला एकही तुकडा पुन्हा वाजवून पाहिला नाही. ते मी तेव्हाही ध्यानात ठेवलं होतं. निवडलेला कोळसा आम्ही तेल पाजलेल्या मोठ्या मडक्यांत भरून तोंडं बांधली.

कौंडण्यपूरच्या घाटावर शेठजी छत्री घेऊन उभेच होते. पाऊस उघडला होता आणि नदी गढूळ, भरून चालली होती. नावाड्यांनी नावेच्या मधोमध उथळ खोकं ठेवलं. आम्ही त्यात वाळू भरली, वर शेगडी बसवली. आईनं कोळसा काठावरच पेटवला. त्याचा जाळ पूर्ण बसून नुसता लाल निखारा राहिला, तेव्हा कुठं तिनं तो नावेवर नेला. रोज असंच करायचं, असं तिनं नावाड्यांना सांगितलं. शेठजींनी आपल्या हातानं शेगडीभोवती रुई पसरली, चांगली जाड, आणि शिडाच्या दोराशी जाऊन बसले. वडील त्यांच्या शेजारी होते. 

नाव मध्यावर आली. शीड भरलं आणि नाव एका अंगावर कलली. कण्यांचं भांडं सरकलं आणि मातीच्या भिंतीला टेकून थांबलं. ठिणगी नाही. शेठजी पसंतीनं मान डोलवू लागले.

मी मात्र रुईकडे पाहत होते. वारा तिच्याखाली शिरत होता. कडेचा एक पुंजका उठला, बसला, पुन्हा उठला. शेगडीची उघडी बाजू आईच्या अंगानं झाकली होती, पण भांडं धरायला ती बाजूला वाकली, तसा तो पुंजका निखाऱ्याकडे निघाला. मी शेजारची परात उचलून शेगडीच्या तोंडावर उभी धरली. पुंजका परातीवर आपटून खाली पडला.

“रुई उचला!” मी म्हणाले. शेठजींना म्हणाले, आणि चांगलं मोठ्यानं. “शेगडीतून काही उडालं नाही. तुमची रुई उडून राहिली!”

 मग म्हातारा नावाडी सुकाणूवरून ओरडला, “पोट्टी बराबर बोलून राहिली, शेठ! मोकळा माल नावेवर नसतेच न. गाठी बांधून येतात!”

शेठजी गुडघ्यांवर बसले आणि आपण पसरलेली रुई स्वतः गोळा करू लागले. तंतू त्यांच्या मिशांना चिकटले होते. “हे इंग्रजी शाळेत शिकवतात का, वहिनी?” त्यांनी विचारलं.

“नाई,” आई म्हणाली. “तिचं तिलेच दिसते.”

कण्या शिजल्या. आईनं पहिलं वाढप शेठजींना दिलं आणि दुसरं वडिलांना. वडिलांनी मान खाली घालून खाल्लं आणि वाटी पुन्हा पुढे केली. नाव काठाला लागली, तेव्हा शेठजींनी गाठी चढवायला सांगितलं.

मी भातकुलीला आत्याकडे राहिले आणि आईवडील नदीनं गेले. ते ज्या दिवशी परत येणार असा निरोप आला होता, त्या दिवशी मी आत्याबरोबर घाटावर होते. शीड दुरूनच दिसलं. त्याखाली धुराची बारीक रेघ. नाव लागली. नावाडी हात द्यायला पुढे झाला, तर वडिलांनी त्याला बाजूला केलं आणि आपल्या पायांनी फळीवरून उतरून आले. चेहरा भरला होता. मागून आई आली, शेगडी डोक्यावर घेऊन.

शेठजीही आले होते. त्यांनी वडिलांना खालून वर न्याहाळलं आणि मग आईला म्हणाले, “वहिनी, दुसऱ्या नावेसाठी अशीच एक घालून द्या.”

“देतो न,” आई म्हणाली. “माती गढीची आणवा. रुई तुमची. अन् कोळसा माही पोरगी निवडंन.”