चूल पेटली न्हाई त्यो दिस

आमच्या कराडच्या घरात माडीवर सांगलीची एक बाई भाड्यानं ऱ्हाती. कंप्युटरवर रोजनिशी लिवायचं कायतरी बनवती. त्यात चित्र न्हाई, काय न्हाई, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. एक शब्द टाकला की त्यो ज्या दिसात लिवलाय त्यो दिस वर आला पायजे. येतोय का न्हाई, हे मशीनच रोज सकाळी आपलं आपण तपासतं. सापडला तर हिरवं, चुकला तर लाल. लाल दिसलं की बाई कपातला च्या तसाच सोडून अंगणात येती अन् माझ्या तुळशीशी भांडल्यागत पुटपुटती.

तपासाया खरे दिस पायजेत म्हणाली. मी माझे सांगितले, तिनं लिवले. एकदा म्हणलं, "पोरी, माझी लेक गेली त्यो दिस काढ बघू."

तिनं 'मरण' टाकलं, 'वारली' टाकलं. काय न्हाई. तिचं तोंड उतरलं. "आजी, तो दिवस तुम्ही सांगितलाच नाही."

"सांगितलाय की. चूल पेटली न्हाई, म्हणलं हुतं. मयताच्या घरात चूल पेटवत्यात व्हय गं?"

ती मशीनकडं वळली. मग 'चूल' टाकलं, अन् त्यो दिस आला.

आता 'मरण' टाकलं तरी त्यो सापडलाच पायजे, असं तिनं मशीनला लावून दिलंय. रोजच्या तपासात माझा दिस पयला. सकाळी ती जिन्यातनं वाकून सांगती, "आजी, हिरवं आलं."

मी "बरं" म्हणते, अन् गॅस पेटवते.