मावशींच्या नाकावरचा वर्ग

कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलं नाही असं मशीन तिथं नव्हतं. पण मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या नाकावर एक कॅमेरा बसवलेला चष्मा चढवला आणि त्यांच्या डोक्याला नसता ताप झाला.

मावशी बघतील ते तंत्रशाळेतल्या तीस मुलींना त्याच क्षणी पडद्यावर दिसायचं. तिथले सर मावशींच्या कानात बोलायचे. कल्पना छान होती. पण त्या चष्म्याला नंबर नव्हता, आणि मावशींना नंबराशिवाय सुईचं नेढंही दिसत नसे. साऱ्या वर्गाला लख्ख, आणि काम करणारीलाच धूसर!

"साहेब, आतून माझा चष्मा घालू?"

"दोन बसत नाहीत, मावशी. होईल सवय."

त्या बुधवारी एक मशीन सारखा दोरा तोडत होतं. मावशी वाकल्या, तोच कानात सर आले, "मान जरा डावीकडे. हं... हात आडवा येतोय."

"येणारच. दुरुस्ती काय पायानं करू?"

वर्गात खसखस पिकली.

"दोऱ्याचा ताण कमी करा."

केला. दोरा तुटला.

"सुई बदला."

बदलली. पुन्हा तुटला.

"आता मान न हलवता—"

मावशींचं डोकंच फिरलं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर उताणा ठेवला. तीस मुली छताचा पंखा बघत बसल्या. मावशींनी सुईखालची पट्टी काढून तिच्या भोकाच्या कडेवर नख फिरवलं. अडकलं! एवढासा ओरखडा. पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून तो घासला, पट्टी बसवली, आणि मशीन सुतासारखं सरळ चालू लागलं.

चष्मा पुन्हा चढवला तेव्हा सर तापलेले होते. "नेमकं तेच दिसलं नाही, मावशी!"

"मलाही दिसलं नाही, सर. नखाला कळलं."

सरांच्या मागून एका मुलीचा आवाज कानात आला, "मग आम्हाला कसं कळणार?"

प्रश्न खरा होता. "इकडे या," मावशी वैतागून म्हणाल्या, "आणि नखं घेऊन या."

पुढच्या बुधवारी सर सहा जणींना घेऊन खरंच दारात हजर! मावशींनी जुन्या पट्ट्या काढून एकेकीच्या हातात दिल्या. "हाच का तो ओरखडा, मावशी?" ऐकून ऐकून दुपारपर्यंत त्यांचे कान किटले. शेवटी एकीवर त्या खेकसल्या, "अगं, हळू फिरव!" आणि तिचं बोट धरून नख पट्टीवर टेकवलं.

"अडकलं!" पोरगी ओरडली.

सरांनी हसत विचारलं, "उरलेल्या चोवीस जणींना कधी आणू?"

मावशी मटकन स्टुलावर बसल्या.

"आणा," त्या म्हणाल्या. "पण सगळ्या एकदम नकोत हो."