दसऱ्यापर्यंत थांबलेली गाडी

जुनी गाडी बघायला जायचं असेल, तर मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगायचं की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. थंड असेल तरच पुढे बोलायचं. मग पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. गाडी कधी पुराच्या पाण्यात बुडालेली असेल, तर पट्ट्याचा जो भाग एरवी आतच गुंडाळलेला असतो त्यावर चिखलाची पुसट रेघ दिसते. बाकी सगळं धुता येतं, तेवढं राहून जातं.

हे सगळं मी सेहेचाळिसाव्या वर्षी शिकले. मन लावून शिकले, वहीत लिहून ठेवलं. गाडीही चांगली मिळाली.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. चारकोपच्या घरात मी आणि बाबा, दोघंच राहायचो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर इथल्याच औद्योगिक वसाहतीत माल बांधायचं काम करून निवृत्त झाले. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा बोरिवलीला डायलिसिस सुरू झालं. चार तास तिथे पडून राहायचं आणि रक्त स्वच्छ करून परत यायचं.

जाताना एवढा त्रास नसायचा. परत येताना बाबांच्या अंगात काही उरलेलं नसे. आम्ही रस्त्याच्या कडेला रिक्षासाठी उभे राहायचो. चारकोप म्हटलं की रिक्षावाला मान हलवून पुढे जायचा. फोनवरून बोलावलेली टॅक्सी दोन मिनिटांवर येऊन रद्द व्हायची. शेवटी रिक्षा मिळाली की बाबा सुई टोचलेला हात छातीशी धरून, दुसऱ्या हाताने आडवा दांडा पकडून बसायचे. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून बारीक आवाज यायचा. मी तो ऐकला नाही असं दाखवायचे.

"मला सुयांचं काही वाटत नाही," ते म्हणायचे. "रिक्षाचा कंटाळा आलाय. एक दिवस मी जाणारच नाही, बघ तू."

मी हे बोलणं मनावर घेतलं नव्हतं. मग एकदा त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं, "हे बंद केलं तर माणूस किती दिवस काढतो?" डॉक्टरांनी उत्तर देताना त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी मी म्हणाले, "बाबा, आपण गाडी घेऊ."

"चालवणार कोण?"

"मी."

"एका पायाने?"

ग्रंथालयातल्या शिडीवरून पडून माझा डावा गुडघा कामातून गेला होता. ऑपरेशन झालं, चालता येऊ लागलं, पण रहदारीत दर मिनिटाला क्लच दाबणं त्या पायाला शक्य नव्हतं. मी सांगितलं की ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो, डावा पाय लागतच नाही.

"मग तो काय घरी ठेवून येणार?" बाबा हसले. खूप दिवसांनी हसले. मग थोड्या वेळाने गंभीर होऊन म्हणाले, "गाडी आली तर जात राहीन. नाहीतर बस झालं मला."

आमचं तसं ठरलं. मी ड्रायव्हिंग शिकायला लागले. नवी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती, आणि जुन्यांत आम्हाला परवडणाऱ्या ऑटोमॅटिक थोड्याच होत्या. वसाहतीत बाबांच्या गावचे एक मिस्त्री होते, गाड्या दुरुस्त करायचे. मी त्यांना काका म्हणते. मी माझी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. कोणत्या गाडीला काय दोष, कोणत्या वर्षाची घ्यावी, सगळं लिहून नेलं होतं. काकांनी वही उलटीसुलटी करून बघितली.

"बाय, तुका गाडी व्हयी काय परीक्षेक बसाचा आसा?"

मी म्हणाले की बाबांना झटका बसता कामा नये, एवढंच.

"मगे पालखी घे," ते म्हणाले. पण लगेच त्यांनी नीट समजावून सांगितलं. स्वस्तातल्या बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये क्लच असतोच, फक्त तो आपल्याऐवजी मशीन दाबतं. गिअर बदलताना अशी गाडी मान हलवल्यासारखी मागेपुढे होते. दुसऱ्या प्रकारची गाडी सरळ पाण्यावरून चालल्यासारखी जाते, पण तिचं गिअरचं तेल वेळच्या वेळी बदललेलं असलं पाहिजे. नाहीतर गिअरबॉक्स बसतो, आणि त्याच्या दुरुस्तीत अर्धी गाडी येते. "तेलाची बिलां दाखवा म्हणाचा. नाय दाखवली तर फुडे चलाचा."

त्याप्रमाणे आम्ही पुढे चालत राहिलो. अंधेरीला एका विक्रेत्याकडची गाडी आरशासारखी चमकत होती आणि बॉनेट गरम होतं. "आधीच गरम करून ठेवल्यानी तर समजाचा, कायतरी लपयतत," असं काका तिथे उभं राहूनच मोठ्याने म्हणाले. घाटकोपरच्या गाडीच्या पट्ट्यावर ती रेघ निघाली. मालक म्हणाला, "अहो, चहा सांडला असेल." काका म्हणाले, "पट्ट्याक चाय पाजतास?"

मुलुंडची गाडी एका निवृत्त शिक्षिकेची होती. त्यांची नजर अधू होत चालली होती, म्हणून त्या विकत होत्या. एकच मालक, सात वर्षं, शाळा आणि बाजार एवढंच चाललेली. सगळी बिलं तारखेप्रमाणे फाईलला लावलेली होती, गिअरच्या तेलाचीसुद्धा. मला ती फाईल बघूनच विश्वास वाटला. त्या रविवारी बाबा हट्टाने आमच्याबरोबर आले होते.

मी गाडी सुरू केली, ब्रेकवरचा पाय उचलला आणि ती आवाज न करता पुढे सरकली. बाबा शेजारी बसले होते. सीट मागे करायला ते खालची दांडी चाचपत होते. ती एकदम ओढली गेली आणि पाठ धप्पकन मागे पडली. बाबा दचकले. मग त्यांनी पाठ थोडी वर घेतली, थोडी खाली केली, पुन्हा वर घेतली आणि डोळे मिटले.

"हां," ते म्हणाले. "अस्सं."

आम्ही दोन गल्ल्या फिरून आलो. एका खड्ड्यातून गेलो तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडून आवाज आला नाही. उतरताना ते सीट सरळ करायला लागले, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या हो तशीच. माझ्या गाडीत पुढे कोणी बसत नाही."

काकांनी गिअरच्या तेलाचा वास घेतला आणि म्हणाले, "बाय, ही घे. आता दुसरी बघू नको." मी बयाणा दिला. बुधवारी गाडी न्यायची ठरली.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. बाबांची धाकटी बहीण, घाटकोपरला असते. तिला आनंद झाला, आणि लगेच तिने विचारलं, "कधी आणतेयस?"

"बुधवारी."

"वेडी आहेस काय गं? परवा पितृपक्ष लागतोय."

बाबा पलंगावरून ओरडले, "जुनी गाडी आहे ती! तिला कसला आलाय पितृपक्ष? तीच पितर आहे!"

"दादाला म्हणावं तू गप पड," आत्या म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "चारकोपच्या घराची चावी घेतलीत तेव्हाही मी सांगितलं होतं. पितृपक्षात घेऊ नका म्हणून. तू हसली होतीस. त्याच वर्षी वहिनी गेली. आता तुझं तू बघ."

आई कॅन्सरने गेली. घराच्या चावीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत आहे. मी आयुष्यभर पुस्तकांत वावरलेली बाई. पण फोन ठेवल्यावर मी बाबांकडे बघितलं आणि मला भीती वाटली. त्या गाडीत त्यांना काही झालं, तर मी स्वतःला काय सांगणार होते? थांबलीसच तर दसराच कर, असं आत्या म्हणाली होती. मी मुलुंडला फोन केला.

"थांबते की," बाई म्हणाल्या. "पण बाबांची गैरसोय होणार नाही ना?"

"नाही हो," मी म्हणाले. "पंचवीस दिवसांचा तर प्रश्न आहे."

कॅलेंडरवर बघितलं तर मधे अकरा डायलिसिस येत होते. बाबा म्हणाले, "रिक्षानेच ढकलू." चार वेळा आम्ही तसेच जाऊन आलो. पाचव्या वेळी, गुरुवारी, परत येताना बाबांना रिक्षातच उलटी झाली. रिक्षावाल्याने गाडी कडेला घेतली. "आंटी, उतर जाओ. सीट खराब हो गया." मी पैसे देऊ केले, पाणी आणून धुऊन देते म्हणाले. तो वाईट माणूस नव्हता, बाबांना त्यानेच हात धरून उतरवलं. पण तो निघून गेला. आम्ही रस्त्याच्या दुभाजकावर अर्धा तास बसलो होतो. बाबांनी शर्टावर माझी ओढणी धरली होती. मुलुंडला ती गाडी कव्हर घालून उभी असेल, असं माझ्या मनात आलं. मी ते बोलले नाही.

शनिवारी मी तयार होऊन बाहेर आले, तर बाबा शर्टाची बटणं लावून पलंगावर बसून होते.

"आज नको गं."

"बाबा, चला."

"गाडी आली की जाऊ. तुझ्या आत्येचा मुहूर्त आहे ना दसऱ्याचा? मग माझाही तोच."

माझ्या एका पायात चप्पल होती. मी रागावायला हवं होतं. शेजाऱ्यांना बोलवायला हवं होतं, काकांना फोन करायला हवा होता. मी म्हणाले, "बरं, मंगळवारी जाऊ." आणि मी चप्पल काढली. त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायचं मी खूप दिवस टाळलं. मला हायसं वाटलं. एक दिवस त्या रस्त्यावर उभं राहायचं नव्हतं, म्हणून. मी चहा केला, बाबांना मोजून अर्धा कप दिला, आणि आम्ही दोघांनी सुट्टी असल्यासारखी ती सकाळ घालवली.

सोमवारी सकाळी त्यांना श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स आली. त्यांना आडवं पडता येत नव्हतं, मी पाठीला आधार देऊन बसले होते. दुपारच्या आत ते गेले. शनिवार चुकला म्हणून का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "अशा पेशंटचं काही सांगता येत नाही." हे उत्तर मला कोणत्याच बाजूने धरता आलेलं नाही.

आत्या आली, रडली. "पितृपक्षात गेला, नशीबवान," असं जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं. तिने मान वर केली नाही. मला तिचा राग नाही. ती जे मानते तेच तिने सांगितलं. मी न मानता ऐकलं.

दसरा बाबांच्या बाराव्या दिवशी आला. दुपारी बाईंचा फोन. "किती वाजता येताय? मी झेंडूचा हार आणून ठेवलाय." त्यांना कळवायचं मी विसरूनच गेले होते. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बयाणा परत देते हो. मनात काही आणू नका."

"नाही," मी म्हणाले. "गाडी मी घेते."

सगळ्यांना वाटलं, मी आता कामावर जायला वापरीन. मला गाडी नको होती. त्या गाडीत पुढची सीट होती, बाबांनी लावलेली. तिथे दुसरं कोणी बसत नव्हतं. एवढी एक गोष्ट त्यांनी जशी ठेवली तशीच राहिली असेल, असं मी त्या दिवसांत पुन्हा पुन्हा मनात आणत होते.

दिवाळी झाल्यावर एका साध्या दिवशी मी एकटीच मुलुंडला गेले. बाईंनी चावी दिली, फाईल दिली. मी दार उघडलं. आतून साबणाचा वास आला. पुढची सीट सरळ होती, ताठ, दुकानातल्यासारखी.

"दसऱ्यासाठी म्हणून आतून-बाहेरून धुऊन घेतली," बाई म्हणाल्या. "सीटासुद्धा काढून साफ केल्या. बाबांना बरं वाटावं म्हणून."

मी त्यांचे आभार मानले.

येताना आरे कॉलनीत, गुरांच्या गोठ्यांच्या अलीकडे, मी गाडी कडेला घेतली. शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि खालची दांडी ओढली. पाठ थोडी मागे केली, थोडी वर, पुन्हा थोडी मागे. डोळे मिटून बघितलं. ते असं होतं की याहून थोडं जास्त, ते मला ओळखता येईना. पट्ट्यावरची रेघ शोधायला मी शिकले होते, तेलाचा रंग ओळखायला शिकले होते. बाबा शेजारी डोळे मिटून पडले होते, तेव्हा मी समोर रस्ता बघत होते.

गाडी इमारतीखाली उभी असते. काका म्हणाले की उभी ठेवू नको, बॅटरी उतरेल, एक दिवसाआड तरी चालू कर. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी मी खाली उतरते आणि दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवून बसते. पहिल्याच चावीला सुरू होते. एकदाही दगा दिलेला नाही.