दिवसाची झोप

धान लोंबीला आलं की मूल गावाजवळच्या आमच्या खेड्यात पुरुष रात्री मचाणावर आणि दिवसा खाटेवर. रात्रभर डबे बडवून रानडुकरं हाकलायची, म्हणजे दिवसा झोपणं भागच होतं. पन्नासच्या दशकातल्या त्या एका वर्षी मला ते काही केल्या जमेना. जंगलाच्या कडेला वाघाने गाय मारली होती आणि माझी बायको रोज तिथेच छपराचं गवत कापायला जायची. गवत आलं नाही तर पुढच्या पावसात घर गळणार, म्हणून ती थांबायला तयार नव्हती. डोळे मिटले की मला वाघ दिसायचा. मग मचाणावर डुलक्या येऊ लागल्या. एकदा डुकरांनी एका बांधीतलं, म्हणजे अख्ख्या खाचरातलं, धान लोळवलं.

बायको चिडली. "दिवसा झोपत काऊन नाई तुमी?"

"तुह्या काळजीनं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिने आमच्या म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटा काढून स्वतःच्या कमरेला बांधली. "वाजून राह्यली तवर समजा, मी आहो." शेजारच्या बाया हसल्या, ती खुशाल निघाली. जंगलाची कड घरापासून हाकेच्या अंतरावर. घंटेची ठकठक ऐकत मी मेल्यासारखा झोपलो, आणि पुढेही रोज झोपू लागलो.

एका दुपारी तहानेने जाग आली. घंटा वाजत होती. म्हटलं, आज भारा आपणच आणावा. आवाजाच्या रोखाने गेलो, तर घंटा बैलाच्या गळ्यात. तो झाडाला बांधलेला, माश्या हाकलायला मान हलवत होता. बायको नव्हती.

हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. आत शिरायला पाय धजेना आणि मागेही फिरवेना. बऱ्याच वेळाने दाट झाडीतून ती आली, डोक्यावर भारा.

"कडेचं गवत कवाचंच संपलं," ती म्हणाली. "आत घंटा नेली तर तुमाले ऐकू नाई येत. मग झोपले असते का तुमी?"

मला भयंकर राग आला आणि तो तोंडातून निघायच्या आत रडूच आलं. भारा मी घेतला.

दुसऱ्या दिवशी घंटा मीच तिच्या कमरेला बांधली. ती गेली तशी ठकठक दूर दूर होत ऐकू येईनाशी झाली आणि मी खाटेवर टक्क जागा. शेवटी कुऱ्हाड घेऊन मागोमाग गेलो. ती कापत होती तिथेच झाडाखाली पाठ टेकली. विळ्याचा खसखस आवाज येत होता. वाघ आला असता तर त्याने आधी मलाच उचललं असतं, कारण ती सांगते, मी घोरत होतो.