पांढरी पेज

चीनमधल्या चाओचौच्या एका कारखान्यात लग्नाच्या पोशाखांवर मणी जडवणारी पेइरू सातव्या महिन्यात होती. पहिले मूल दिवस भरत आले असता पोटातच गेले होते. का, ते कोणी शोधले नव्हते. ‘पोरीचं पोट थंड’ एवढे सांगून सासूबाईंनी तो विषय संपवला होता. या खेपेस साखरेचे पाणी पाजून रक्त तपासले, तेव्हा गर्भारपणातला मधुमेह निघाला. पेइरूच्या भीतीला नाव मिळाले, पण नावाने ती शमली नाही.

तिने फळे सोडली, गोड सूप सोडले. खारवलेल्या मुळ्याबरोबर तांदळाची पांढरी पेज तेवढी ठेवली. आजाऱ्याला आणि तान्ह्याला जी चालते, ती अपाय करील असे या गावात कोणाच्या मनातही येत नाही. तरीही बोट टोचले की साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा चढलेलाच. पोटातली हालचाल क्षणभर थांबली तरी ती उठून येरझाऱ्या घाली.

“खाता काय?” दवाखान्यातल्या परिचारिका होंगबाईंनी विचारले.

“काहीच नाही हो. नुसती पेज.”

“नुसती! अहो, गाळ होईपर्यंत शिजलेला तांदूळ तो, लगेच साखर होऊन रक्तात उतरतो. आधी भाजी, मासा. मग मूठभर मोकळा भात. तरी आकडा उतरला नाही, तर इन्सुलिन घ्यावं लागेल.”

घरी सासूबाईंनी वाडगा पुढे सरकवला.

“मला मासा वाढा, आई. पेजेनं साखर चढते म्हणे.”

“पेजेत साखर? मग मिठागरात मध पिकत असेल!” सासूबाई हसल्या, पण हसू मध्येच विरले. “पहिल्या खेपेसही तुला पेज मीच पाजत होते. तिन्ही त्रिकाळ.”

हे वाक्य ऐकण्यासाठी पेइरूने वर्षे काढली होती. नुसती मान हलवली असती, तरी सारा दोष सासूबाईंकडे गेला असता.

“ते आता कळायचं नाही, आई. तेव्हा कुणी रक्त तपासलंच नव्हतं.”

सासूबाईंनी वाडगा मागे घेऊन मासा वाढला. दोन तासांनी पेइरूने बोट टोचले, तेव्हा त्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या.

“उतरला का गं?”

“उतरला.”

“म्हणजे बाळ सुखरूप?”

“म्हणजे हे जेवण निभावलं, आई. संध्याकाळचं अजून व्हायचंय.”