पेवातला आवाज

दुपारची जेवणं उरकून चंपाक्का दिवाणावर आडवी होते. झोप येत नाही आणि डोळाही उघडा राहत नाही, अशा त्या उंबऱ्यावर तिला ओसरीवरची पावलं ऐकू येतात. नात येरझाऱ्या घालतेय. घालू दे.

पद्मजाला मातीचं शास्त्र शिकायला अमेरिकेत जायचंय. एक विद्यापीठ तिच्या जिनदत्तकाकाच्या गावातलं. दुसरं, पद्मजाच्या मनातलं, कुठल्याशा तळ्याकाठचं, जिथं निम्मं वर्ष बर्फ आणि आपलं म्हणायला कुत्रंसुद्धा नाही. सगळ्यांच्या आधी अर्ज केला तर जागेची आशा जास्त. पण असा अर्ज एकाच ठिकाणी करता येतो, आणि त्यांनी हो म्हटलं की तिथंच जायचं, मागं फिरायचं नाही.

"म्हणजे सुपारी फोडल्यागत की," चंपाक्का सकाळी म्हणाली होती. "मग ती जाणत्यानंच फोडायची. काकाच्या गावचं कर."

"बरं," पद्मजा म्हणाली.

भांडली असती तर चाललं असतं. ते 'बरं' भातातल्या खड्यासारखं अजून दाताखाली येतंय. संध्याकाळी अर्ज जायचा आहे.

दिवाण पायथ्याशी खचतो.

"पाय आवर की जरा," बाळगोंडा म्हणतो.

"एवढ्या वर्षांनी आलाय आणि आल्या आल्या हुकूम," चंपाक्का म्हणते. मग तिच्या ध्यानात येतं, नवरा जाऊन किती दिवाळ्या झाल्या. पण पाय तर तिनं आवरलेले आहेत. "चादर धुतलेली हाय. अंग झाडून बसायचं."

"ही हळद झाडून जाती होय? मी गेलो, ही गेली नाही."

बंडी पिवळी, भुवया पिवळ्या. तोंडाकडं सरळ बघितलं की ते पाण्यातल्यासारखं हलतं, म्हणून ती त्याच्या कानाकडं बघत राहते. कान अगदी त्याचेच आहेत.

"चल. पेव उघडलंय."

"पेवं महापुरात बुडाली. कसलं पेव?"

"चल म्हणतोय तर."

ती पाय खाली सोडते तो फरशी नाही, हरिपूरच्या मळ्यातली माती. समोर जमिनीत पेवाचं तोंड, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत खोलीएवढं कोठार, हळदीनं भरलेलं. आतली हवा कोंडलेली असते, म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्यानं सारखं बोलत राहायचं. बोलणं थांबलं की वरच्यानं ओढायचं. गड्यांच्या हातात नवऱ्याचा दोर द्यायला चंपाक्का कधी तयार झाली नाही. पदर खोचून तीच उभी राहायची.

आत्ताही दोर तिच्याच हातात आहे. बाळगोंडा खाली गेलाय.

"हळद सुकी हाय," खालून आवाज येतो. "किडा नाही. कालची आमटी खारट होती."

"दोन वाट्या ओरपताना कळलं नाही?"

"बोलायला काही तरी पाहिजे की. तुझ्या आईचं काढू?"

"काढून बघा. दोर सोडते."

तो हसतो. पेवातून हसू घुमत वर येतं, आणि चंपाक्काचा जीव त्याच्या मागं तळापर्यंत जातो.

"ऐका," ती म्हणते. "दवाखान्यात तुमचं बोलणं थांबलं, तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. काय ओढायचं होतं मी?"

"आत्ता बोलतोय नव्हं?"

"मग थांबू नका. आणखी बोला. आमटीचंच बोला."

दोर सुटत राहतो. हळदीच्या राशीवर बर्फ पडतंय आणि पेवाच्या जागी मोठं तळं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही. दोर पाण्यावरून लांब गेलाय. चंपाक्का कान देते.

"बरं," पलीकडून येतं. पद्मजाचा आवाज. "बरं. बरं."

बाळगोंडा आता तिच्या शेजारी उभा आहे. हळदीचा वास एवढा जवळ, की तिला मान वळवायची भीती वाटते.

"पोरगी बोलायची थांबली," तो म्हणतो. "ओढ."

"कुठनं ओढू? अजून गेली कुठं ती? घरातच हाय, माझ्या ओसरीवर."

"तेच म्हणतोय."

ती वळते. कानसुद्धा राहिलेला नाही. ती दोर गच्च आवळते आणि तळहातात काही तरी कचकन रुततं.

"आज्जी, कण्हतेस कशाला?" पद्मजा दिवाणाशी उभी आहे. "हात बघू."

तळहातात काथ्याचा तूस, काट्यासारखा ताठ तंतू, घुसलाय. पद्मजा केसातली पिन काढून तो उकरत बसते. चंपाक्का तिच्या वाकलेल्या मानेकडं बघते.

"तळ्याकाठचं कर," ती म्हणते.

पिन थांबते. "तिथं आपलं कुणी नाही आज्जी. तूच म्हणालीस."

"म्हणाले. आता हे म्हणते. रोज फोन करायचा. सांगायला काही नसलं तर आमटी खारट झाली म्हणून सांग, माझ्याशी भांड. नुसतं बरं बरं केलंस तर तिथं येऊन फरफटत आणीन."

पद्मजा हसायला जाते आणि नाक ओढते. "आमटी खारटच होती आज."

"दोनदा घेतलीस ती?"

तूस निघतो. पद्मजा तो नखावर धरून उजेडाकडं नेते. पिवळाजर्द आहे.

"दोराचा दिसतोय. पण आपल्या घरात दोर कुठाय?"

चंपाक्का हात पुढं करते.

"टाकू नको. दे इकडं."