मास्तरांचं माप

आमच्या बाबांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. वय चौऱ्याहत्तर. तब्येतीचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?" जिन्यात दोनदा थांबतात, तेही म्हणे मागून कोणी येतंय का बघायला. डॉक्टरांचं नाव काढलं की वही पुढे करतात. दर वाढदिवसाला आई त्यांच्यामागे उभी राहून टेप लावते, आकडा सांगते आणि ते लिहितात. छाती अडतीस. बारा वर्षं अडतीस. माप जागच्या जागी म्हणजे माणूस ठणठणीत, एवढंच त्यांचं वैद्यकशास्त्र. समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आला होता.

यंदा नातीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतःचा शर्ट बेतला, वहीतल्या मापाने. पूर्वी दुपारभराचं काम. या वेळी चार दिवस लागले. घालून आरशासमोर उभे राहिले, तर खांदे दंडावर उतरलेले आणि कॉलरमध्ये मूठ जाईल एवढी जागा.

शर्ट काढून त्यांनी घडी घातली.

"हात गेला माझा," ते म्हणाले. "पन्नास वर्षांत कटिंग चुकलं नव्हतं. उद्यापासून दुकान बंद."

त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळली. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"हात नाही गेला," आई म्हणाली. "टेपच्या आत मी बोटं घालत होते. तीन वर्षं झाली. पहिल्यांदा इंचभर कमी भरलं, म्हटलं उगाच जिवाला घोर लावून घ्याल. मग दरवर्षी एकेक बोट वाढवत गेले."

"म्हणजे कटिंग बरोबर होतं?"

"अगदी बरोबर."

क्षणभर ते खरंच खूश झाले. मग हळूच खुर्चीवर बसले. मला तर वाटलं होतं, हे ज्या दिवशी मान्य करतील त्या दिवशी मी जिंकेन. आता मला नुसतं रडू येत होतं.

थोड्या वेळाने ते उठले आणि हात वर करून आईकडे पाठ केली.

"घे आता. बोटं बाहेर ठेव."

"चौतीस," आई म्हणाली.

त्यांनी ते वहीत लिहिलं, त्यांच्या त्याच वळणदार अक्षरात.

"डॉक्टरांची वेळ घे," ते मला म्हणाले. "आणि निघायचं जरा लवकर ठेव. जिना उतरायलाही वेळ लागतो मला."